मेनिसियोला बसवत नाही

माझा नवरा मेनिसियो एका जागी बसत नाही. लग्न होऊन मी ओनाफ बेटावर आले तेव्हा मला वाटलं, याला काही दुखणं असावं. जेवायला बसला की दोन घासांत उठायचा, दाराशी जायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. मी आईला निरोप धाडला, मुलगा चांगला आहे, पण बुडाखाली निखारे ठेवल्यासारखा वागतो. मग कारण लक्षात आलं. घरात धाकटी बहीण होती, किओमी. आमच्यात भाऊ बसलेला असला तर बहिणीने त्याच्यासमोर ताठ उभं राहायचं नसतं. वाकून, जवळजवळ रांगत जायचं. भावाला माया असली तर तोच आधी उठून उभा राहतो, म्हणजे तिची पाठ वाचते. किओमी दिवसभर घरात इकडून तिकडे, आणि तिच्या प्रत्येक खेपेला हा उभा. मलाही भाऊ आहेत, पण ते मला खुशाल वाकू देतात.

सवय अशी लागली की किओमी घरात नसतानाही याला बसवत नाही. तरुणपणी ग्वामला गेला होता, एका हॉटेलात चादरी धुवायला. तिथेही टिकला नाही. परत येताना लोक टीव्ही आणतात, गाद्या आणतात, बायकोला पातेली आणतात. हा लोखंड घेऊन आला. एक लांब बार आणि जड जड चकत्या. जहाजातून किनाऱ्यावर आणताना होडी इतकी खाली गेली की होडीवाल्याने त्याला विचारलं, "ग्वामहून काय, नांगर आणलास?"

त्याचं स्वप्न साधं होतं. आमच्या मायक्रोनेशियातल्या बेटांचे दर काही वर्षांनी खेळ भरतात, त्यात आमच्या चुक राज्याकडून वजन उचलायचं. मेहनत केली, निवडही झाली, आणि निघायच्या आधी होडी ओढताना त्याचा खांदा निखळला. संघ गेला, हा किनाऱ्यावर फडकं गळ्यात बांधून उभा. त्यानंतर त्याने काय काय केलं ते विचारू नका. डुकरं पाळली, ती पळाली. चर्चचं छप्पर घालायला घेतलं, अर्धं घातलं. रेडिओ दुरुस्त करायला शिकला, म्हणजे रेडिओ उघडायला शिकला. लोक हसायचे. मीही हसायचे, पण दुसरं कुणी हसलं की माझं डोकं फिरायचं.

लोखंड नीरफणसाच्या झाडाखाली गंजत पडलं होतं. एक दिवस पुरुषमाणसं मासेमारीला गेलेली असताना मला घरामागून धप्प आवाज आला. जाऊन पाहते तर किओमी. झगा कमरेला खोचलेला, आणि बार तिच्या डोक्यावर. मी तोंडाला हात लावला. माझी नणंद दणकट आहे हे सगळ्या बेटाला माहीत होतं. तांदळाचं पोतं ती उशीसारखं उचलते. पण हे काही पोतं नव्हतं.

"वहिनी, दादाला सांगू नकोस," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. तरी त्याला कळलंच. वारा पडला होता म्हणून तो लवकर परतला आणि त्याने वाटेवरूनच आवाज ऐकला. तो पुढे आला नाही. बहिणीच्या उघड्या मांड्या भावाने पाहायच्या नसतात, यापरती लाजेची गोष्ट आमच्याकडे नाही. तो पाठ करून उभा राहिला आणि मला हाक मारली.

"एर्लिना, तिला सांग, बार अंगापासून लांब जातोय."

मी म्हटलं, "ती तिथेच आहे की. तुला ऐकू येतंय, तिलाही ऐकू येतंय."

"तू सांग."

मी वळून सांगितलं. किओमी म्हणाली, "वहिनी, दादाला सांग, बरं."

दुसऱ्या दिवशी त्याने दोन झाडांमध्ये निळी ताडपत्री टांगली. एका बाजूला बहीण आणि लोखंड, दुसऱ्या बाजूला हा. मध्ये मी, खोबरं किसायला बसलेली. असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. तो ताडपत्रीच्या कडेकडेने येरझारा घालायचा, कान तिकडे. जिथे चालायचा तिथलं गवत मेलं.

"तिला सांग, घाई करू नको. खाली जा, थांब, मग ऊठ."

"तो म्हणतो, घाई करू नको."

"दादाला सांग, घाई तोच करतोय. त्याच्या पायांच्या आवाजाने माझं लक्ष जातं."

"ती म्हणते, तू गप उभा राहा."

"असं म्हणाली ती?"

"मी जरा मवाळ करून सांगितलं."

एक होतं. प्रत्येक उचलीला तो ताडपत्रीपलीकडून स्वतः बोलायचा. फक्त तेवढं माझ्यामार्फत नाही. "आता. ओढ. खाली. ऊठ." बस्स, एवढेच शब्द. किओमी त्या शब्दांवर उचलायची. शिंक आली म्हणून एकदा तो मध्येच थांबला, तर ती बार हातात धरून तशीच वाट पाहत राहिली.

यंदा खेळ पोनपे बेटावर ठरले आणि किओमीची निवड झाली. आता प्रश्न इचिरोमामांचा. सासूबाईंचे थोरले भाऊ, घराण्यातला शेवटचा शब्द त्यांचा. मेनिसियो नीरफणस कुटून, पानात बांधून त्यांच्याकडे घेऊन गेला आणि खाली मान घालून बसला. मामांनी पानाची गाठ सोडली, एक घास खाल्ला. मग म्हणाले, "जाऊ दे तिला. पण ती उचलेल तेव्हा तू त्या खोलीत नसशील. ताडपत्री आहे तोवर ठीक. तिथे ताडपत्री नाही. आणि तोंड काळं करून आलात तर ते लोखंड मी स्वतः समुद्रात टाकीन."

"मी बाहेर राहीन," मेनिसियो म्हणाला.

मामांचा विश्वास इतका की तेही संघाबरोबर जहाजात चढले, वडीलधारं कुणी हवं म्हणून. मी स्वयंपाकाला. जहाजावर मेनिसियो काय बसणार. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत आला. खलाशी त्याला म्हणाला, "दादा, तू चाललास म्हणून जहाज लवकर पोचत नाही." पोनपेला उतरलो तर पाऊस. तिथे पाऊस थांबत नाही, त्यामुळे त्याचा कुणी विषय काढत नाही. आमची सोय एका शाळेत होती, बायका एका वर्गात, पुरुष दुसऱ्यात, आणि स्पर्धा त्याच शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये.

संघाचा कोच रेडली, वेनो बेटावरचा. तो किओमीच्या नात्यातला नाही, म्हणून त्याने जवळ उभं राहायला हरकत नव्हती. माणूस चांगला, पण ओरडायची सवय. किओमीला त्या आखूड घट्ट कपड्यात पाहून मलाच चोरट्यासारखं झालं. आत गुडघ्यापर्यंत काळी चड्डी होती, पण मांडी ती मांडी. किओमी लाजून माझ्यामागे लपायला बघत होती. ती माझ्या दुप्पट आहे, लपणार कुठे.

मेनिसियो बाहेर, पागोळ्यांखाली. मी कठड्याशी जागा धरली, तिथून चौथरा समोर दिसायचा, आणि मागच्या दारातून बाहेर पळता यायचं. पहिला प्रकार एका दमात डोक्यावर न्यायचा. तो बरा झाला. किओमी त्यात तिसरी होती. मी बाहेर पळत गेले.

"कसं उचललं?" त्याने विचारलं.

"छान."

"छान म्हणजे? पाय हलले का? मान कुठे होती?"

"मान मानेवर होती. मला काय कळतंय त्यातलं."

"इतकी वर्षं मध्ये बसून काय केलंस मग?"

"खोबरं किसलं," मी म्हटलं.

तिथे दाराशी तळलेली केळी विकणारी पोनपेची एक बाई होती. ती मला म्हणाली, "हा तुमचा माणूस कुणाच्या मागे लागलाय? सकाळपासून माझ्या टेबलाभोवती फिरतोय. मला चक्कर येतेय." मी तिच्याकडून केळी घेऊन त्याच्या हातात दिली. त्याने ती धरून ठेवली आणि चालत राहिला.

दुसऱ्या प्रकारात वजन जास्त. आधी बार खांद्यावर घेऊन खाली बसायचं, उठायचं, मग डोक्यावर न्यायचा. तीन संधी. पहिल्या संधीला किओमीने ओढलं आणि बार समोर पडला. मी बाहेर गेले. माझा चेहरा पाहूनच मेनिसियोने भिंतीवर हात मारला. दुसऱ्या संधीला तर बार गुडघ्यांच्या वर गेलाच नाही. रेडली ओरडत होता, जोर लाव, जोर लाव. किओमी बारकडे बघतच नव्हती. ती छताकडे, दारांकडे बघत होती.

मी कठड्यावरून वाकून तिला हाक मारली. ती जवळ आली. हात पांढऱ्या पावडरीने भरलेले.

"वहिनी, दादा कुठे आहे?"

"बाहेर. तुला माहीत आहे."

"त्याचा आवाज येत नाही."

"इथे कसा येईल? एवढी माणसं आहेत."

"मला कधी ओढायचं तेच कळत नाहीये," ती म्हणाली. "त्याला आत बोलाव."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. इचिरोमामा समोरच्या बाकावर बसलेले होते, हातावर हात ठेवून. मी रेडलीला विचारलं, शेवटच्या संधीलाही बार पडला तर काय? तो म्हणाला, "पडला तर काहीच नाही. आधी उचललेलंही धरत नाहीत. नावापुढे रेघ."

मी पळाले. खरं सांगते, मला राग आला होता, कुणावर ते कळत नव्हतं. मामांवर, रेडलीवर, पावसावर. "ती तुला बोलावतेय," मी मेनिसियोला म्हटलं. "आत. आत्ता."

"ती? ती स्वतः म्हणाली?"

"नाही, मी गंमत करतेय. चल."

"मामा आहेत ना आत."

"आहेत."

तो थांबला. मी त्याला आयुष्यात एवढं स्थिर उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. हातातली केळी चुरगळून त्यांचा लगदा झाला होता. मग त्याने केळी त्या बाईच्या टेबलावर ठेवली, मान खाली घातली आणि आत गेला.

चौथऱ्यासमोर, कठड्याच्या आत, कोचसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. दंडाला पट्टी बांधलेल्या एका बाईने त्याला अडवलं, रेडली तिच्याशी काही बोलला, आणि तिने खुर्चीकडे बोट दाखवलं. बसा, उभं राहायचं नाही, मागच्यांना दिसत नाही. मेनिसियो बसला. परक्यांनी सांगितलेलं तो नेहमी लगेच ऐकतो, माझं ऐकत नाही. आणि त्याचं सगळं लक्ष नजरेत होतं. बहीण दिसू नये म्हणून त्याने हनुवटी छातीला टेकवली होती, डोळे स्वतःच्या चपलांवर. डोळे सांभाळता सांभाळता बाकीचा मेनिसियो कुठे आहे हे तो विसरला.

किओमी चौथऱ्यावर आली. तिने बार धरला. हॉल शांत झाला.

"आता," तो चपलांकडे बघत म्हणाला. मोठ्याने नाही, ताडपत्रीमागून म्हणायचा तसंच. "ओढ. खाली."

बार उडाल्यासारखा वर आला. किओमी त्याच्याखाली शिरली, बार खांद्यांवर, ती उकिडवी बसलेली. इतकी नीट ती गेल्या दोन्ही वेळा गेली नव्हती. तिथून तिने समोर पाहिलं, आणि समोर खुर्चीत भाऊ बसलेला.

"ऊठ," मेनिसियो म्हणाला.

ती उठली नाही.

रेडली किंचाळायला लागला. चुकची सगळी माणसं ओरडायला लागली, ऊठ, ऊठ. पोनपेची माणसंही ओरडायला लागली. किओमीचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा वर आल्या होत्या, आणि ती तशीच खाली. पाय कापत होते. लोकांना वाटलं, ताकद संपली. मला माहीत होतं ताकद संपलेली नाही. मी घरात पाहिलंय तिला, हातात उकळतं पातेलं असलं तरी भाऊ बसलेला दिसला की ती गुडघे वाकवून थांबते.

मी कठडा ओलांडून निम्मी आत गेले. "मेनिसियो! खुर्ची!"

त्याने मान वर केली नाही, पण त्याला कळलं. तो असा उठला की खुर्ची मागे उलटली. पट्टीवाली बाई धावली, बसा, बसा म्हणत. तो काही बसला नाही. त्याने चौथऱ्याकडे पाठ केली आणि माझ्याकडे तोंड करून ताठ उभा राहिला, डोळे घट्ट मिटून.

किओमी उठली. हळूहळू, दात खाऊन, पण उठली. क्षणभर बार गळ्याशी धरून श्वास घेतला आणि एका झटक्यात डोक्यावर नेला. पाय एका रेषेत आले. पंचाने हात खाली केला, तिने बार सोडला, जमीन हादरली.

मेनिसियोचे डोळे अजून मिटलेलेच. "काय झालं?" तो मला विचारत होता. "एर्लिना, काय झालं?"

उचल मान्य झाल्याचे तिन्ही पांढरे दिवे लागले होते. मी रडत होते आणि त्याच्या शर्टाला धरून हलवत होते. शेवटी म्हटलं, "झालं रे. झालं."

किओमी तिसरी आली. पदक घालून ती त्या लाकडी पायरीवर उभी राहिली, आणि पहिल्या आलेल्या मुलीच्या देशाचं गाणं लागलं म्हणून सगळा हॉल उभा राहिला, आमचे पुरुषही. तेव्हा मेनिसियो पुन्हा बाहेर गेलेला होता.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात इचिरोमामा आले. आम्ही जेवण वाढत होतो. पानं, भात, डब्यातले मासे, सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. किओमी वर्गात होती, बायकांमध्ये, दार उघडं. मामा मेनिसियोसमोर उभे राहिले. मी मनात ठरवलं होतं, हे काही लागट बोलले तर मी उत्तर देणार. सुनेने द्यायचं नसतं, पण देणार.

"तू आत आलास," मामा म्हणाले.

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"हो. तिने बोलावलं."

"पाहिलंस?"

"नाही, मामा. शपथ."

"ते मला दिसलं. मी तुझ्याकडेच बघत होतो, तिच्याकडे कसा बघणार." मामांनी घसा खाकरला. "बहिणीने बोलावल्यावर भाऊ जाणारच. त्याचं मी काही म्हणत नाही. तू बसलास कशाला?"

मेनिसियोने हॉलकडे बोट केलं.

"त्या बाईने खुर्ची दाखवली—"

"दाखवू दे. तुझी बहीण एवढं लोखंड मानेवर घेऊन खाली, आणि तू खुर्चीत? तुझी आई असती तर काय म्हणाली असती? जा. तिच्यासाठी काहीतरी घेऊन जा आणि चुकलो म्हण. एर्लिनाला पाठवू नकोस. स्वतः जा."

मी ठरवलेलं उत्तर गिळून टाकलं. मामा निघून गेले. मेनिसियोने कुटलेल्या नीरफणसाचा एक मोठा गोळा घेतला, घरून पानात बांधून आणलेला शेवटचा. वर्गाच्या दाराशी गेला. आत बायका सरकल्या. किओमी भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही गुडघ्यांवर ओली फडकी. तो दाराबाहेरच, बाजूला तोंड करून उभा राहिला. गोळा उंबऱ्यावर ठेवला.

"किओमी," तो म्हणाला. ताडपत्रीमागचे ते चार शब्द सोडले तर, मी घरात आल्यापासून त्याने तिला माझ्याशिवाय काही सांगितल्याचं मला आठवत नाही. "मी बसलो होतो. माझं चुकलं. तुझ्यावर तेवढा भार होता आणि मी... माझं लक्ष नव्हतं."

किओमीने गोळ्याची पानं सोडली, एक तुकडा तोडून तोंडात टाकला. ती खात असताना तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"मला माहीत होतं तू उठशील," ती म्हणाली. "म्हणून तर सोडला नाही बार."

मेनिसियोने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, मी काही सांगेन, नेहमीसारखं, जरा मवाळ करून. मला काहीच सांगायचं नव्हतं. त्याने सगळं ऐकलं होतं.